ओंकारच्या कर्जाबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिल्या,

तुझा व्हॉट्सअॅपवरचा निरोप तीनदा ऐकला. "ओंकारचा मित्र म्हणतोय, तिकडं बँकरप्सी टाकली की सगळं माफ होतं. तू टाकली होतीस ना, खरं का रे?" फोनवर सांगितलं असतं, पण तू "बरं बरं" करून विषय संपवतोस. म्हणून लिहितोय. वहिनींनाही वाचून दाखव, पोराच्या शिक्षणाच्या कर्जाला तारण दिलेलं घर त्यांचंही आहे.

हो, टाकली होती. दुकान बसलं तेव्हा, २०१८ साली. मिरजेत कळू नये म्हणून तुलासुद्धा दोन वर्षं बोललो नव्हतो. आपल्याकडं दिवाळं वाजलं की माणूस तोंड लपवतो, इथं तो साधा अर्ज असतो. आधी समुपदेशनाचा वर्ग, मग 'चॅप्टर सेव्हन'चे, म्हणजे देणी पुसून टाकणाऱ्या दिवाळखोरीचे कागद, मग नेवार्कला प्रकरण तपासणाऱ्या ट्रस्टीसमोर शपथ. मी रात्रभर उत्तरं घोकून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्यानं चार प्रश्न विचारले, माझ्या आडनावाचे तुकडे केले आणि पुढच्याला हाक मारली. चार महिन्यांत क्रेडिट कार्डं, माल देणाऱ्यांची उधारी, सगळं पुसलं गेलं. राहिलं एकच, चाळिशीत हौसेनं केलेल्या एमबीएचं सरकारी कर्ज. त्यातला एक सेंट हलला नाही.

पूर्वी तेही पुसलं जायचं. १९७६ साली कायदा झाला की हप्ते सुरू झाल्यावर पाच वर्षं थांबा. १९९० ला पाचाची सात झाली, १९९८ ला मुदतच काढून टाकली, आणि २००५ ला खासगी बँकांची कर्जंही त्याच कुंपणात घेतली. पोरं पदवी घेऊन लगेच हात वर करतील, ही भीती. कॅसिनोत उडवलेले पैसे बऱ्याचदा माफ होतात, नर्सिंगच्या फीचे नाही. असो.

एक फट ठेवलीय, 'अनड्यू हार्डशिप', म्हणजे सोसण्यापलीकडची ओढाताण. पण ती आपोआप मिळत नाही, त्याच प्रकरणात वेगळा दावा लावावा लागतो. इथं न्यू जर्सीत आणि ओंकारच्या टेक्सासातही १९८७ च्या ब्रनर खटल्यातल्या तीन कसोट्या लावतात. हप्ता भरला तर किमान जगणंही भागत नाही, हे पहिलं. ही अवस्था पुढं बराच काळ टिकणार, हे दुसरं. आणि फेडायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता, हे तिसरं. आता सांग, पंचविशीतल्या धडधाकट इंजिनिअरनं दुसरी कशी पार करायची? न्यायाधीश म्हणणार, उद्या लागेल की नोकरी. आपण तरी त्याला रोज दुसरं काय सांगतो?

नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय खात्यानं ही वाट जरा रुंद केली. दाव्याबरोबर एक ठरावीक फॉर्म भरायचा, आकडे बसले तर सरकारी वकील विरोध करत नाही. जुनं प्रकरण त्यासाठी पुन्हा उघडता येतं, म्हणून मीही गेलो. वकीलबाईंनी आयकर खात्याच्या खर्चाच्या तक्त्याशी माझा खर्च ताडला आणि म्हणाल्या, हप्त्यापुरते तुमच्याकडं उरतात. घरी सांगितलं तर मालती म्हणाली, "म्हणजे आपण पुरेसे गरीबसुद्धा नाही." अजून नऊ वर्षं आहेत. आणि ही सवलत फक्त सरकारी कर्जाला, जे व्हिसावरच्या पोरांना मिळतच नाही.

आता तुझं. बँक मिरजेची, सहकर्जदार तू, तारण घर. ओंकार नागरिक नसला तरी इथं अर्ज करू शकतो, अडचण ती नाही. इथल्या कोर्टानं त्याला उद्या मोकळा केला तरी सहकर्जदार सुटत नाही, आणि तुझ्या प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा टेक्सासातून कोण पुसणार? "मग मीच इकडं नादारीचा अर्ज करतो" म्हणशील, तर तेही बघून ठेवलंय. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम ७९ मध्ये वगळलेल्या देण्यांत दंड, पोटगी आणि चक्क विद्यार्थी कर्ज आहे. शिवाय कायद्याचा तो भाग तुझ्यामाझ्यासारख्यांना लागूच झालेला नाही. जुन्या १९२० च्या कायद्यानं गेलास तरी तारण घेतलेल्या बँकेचा हात थांबत नाही.

तेव्हा तो नाद सोड. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत खात्यात जमा, मग सरफेसीची, म्हणजे तारण जप्त करायच्या कायद्याची ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर घरावर यायला बँकेला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. त्या नव्वदाच्या आत मॅनेजरकडं जा. हप्ता लहान करून मुदत वाढवून मागायची, आणि ती लेखी अर्जानं, पोच घेऊन. तोंडी "बघू या" वर उठू नकोस.

मंजुरीपत्राचे फोटो पाठव, मागच्या बाजूसकट सगळी पानं. व्याजाची कलमं मागंच असतात. आणि ओंकारला म्हणावं, काकाला फोन कर, शनिवारी मी घरीच असतो. मागच्या महिन्यात मीच केला होता, तर म्हणाला, "काका, एकदम मस्त चाललंय." २०१८ मध्ये मीही तुला हेच सांगत होतो.

तुझा,
बाळ्या