गल्ला किती ते विचारतात, उरलं किती ते नाही

बॉथेल, वॉशिंग्टन राज्य
२६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

लक्ष्मीपूजनाचा दुकानातला फोटो मिळाला. नव्या वहीवरचं 'श्री' बाबांच्याच हातचं, ते वळण लगेच ओळखलं. बाबा, त्या दिवशी तुम्ही फोनवर विचारलंत, "कर वाढले म्हणतेस, पण तुला नक्की काय बसला?" तेव्हा घाईत होते, नीट सांगता आलं नाही. आज रविवार आहे, मुलं झोपलीत, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे केंद्राला इन्कम टॅक्स भरतो, पण वॉशिंग्टन राज्याचा पगारावर असा कर नाही. ऐकायला छान वाटतं. १९३२ मध्ये इथल्या मतदारांनीच मोठ्या बहुमताने इन्कम टॅक्स मंजूर केला होता. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मंदीचे दिवस, तिजोरीत खडखडाट, म्हणून धंद्याच्या उलाढालीवर कर बसवला. तो आजपर्यंत चालू आहे. सगळे त्याला 'बी अँड ओ' (बिझनेस अँड ऑक्युपेशन) म्हणतात. यात पगार, भाडं, माल काहीही वजा होत नाही. गल्ल्यात आलं त्यावर कर.

आमचा वेबसाइट बनवण्याचा धंदा, माणसं चार. २०२३ मध्ये दोन मोठी गिऱ्हाइकं गेली. वर्षाची बिलं चार लाख डॉलरची झाली होती, पण सगळ्यांचे पगार देऊन आम्ही तोट्यात होतो. मी स्वतः पाच महिने पगार घेतला नाही. सेवांवरचा दर दीड टक्का, म्हणजे सहा हजार डॉलर भरायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रात्री रिटर्न भरत होते. तोटा किती झाला हे लिहायला त्या फॉर्मवर रकानाच नाही. मी वरपासून खालपर्यंत दोनदा शोधला. सेव्हिंगमधून पैसे काढून भरले.

तुम्हाला जीएसटीत इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा होतो. इथे ते नाही. लाकूड कापणारा त्याच्या विक्रीवर भरतो, खुर्ची करणारा त्याच्या, ठोक व्यापारी त्याच्या, दुकानदार त्याच्या. एकाच खुर्चीवर चार वेळा. ज्याची स्वतःची गिरणीपासून दुकानापर्यंत सगळी साखळी आहे, त्याला ते टप्पे वाचवता येतात. छोट्याला येत नाहीत. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

यंदा सरकारला पुढच्या चार वर्षांत अब्जावधी डॉलरची तूट दिसायला लागली, आणि मे महिन्यात राज्यपाल फर्ग्युसन यांनी करवाढीच्या विधेयकांवर सही केली. पेट्रोलवरचा कर जुलैपासून गॅलनमागे सहा सेंटने वाढला. मोठ्या सेवा कंपन्यांचा 'बी अँड ओ' २.१ टक्के झाला, दुकानदार आणि कारखानदारांचा २०२७ पासून अर्धा टक्का होणार. आम्हाला बसलं ते वेगळंच. १ ऑक्टोबरपासून वेबसाइट बनवून देणं ही 'किरकोळ विक्री' धरली जाते. त्यामुळे आमचा 'बी अँड ओ'चा दर उलट खाली आला, पण प्रत्येक बिलावर गिऱ्हाइकाकडून दहा टक्क्यांच्या वर सेल्स टॅक्स घ्यायचा. आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे छोटी बेकरी. त्या बाईंना हा कर कुठूनही परत मिळणार नाही. त्यांनी परवा नव्या साइटचं काम पुढे ढकललं. फोनवर त्याच मला "सॉरी" म्हणत होत्या.

सप्टेंबरात पलीकडच्या मतदारसंघातल्या एका आमदारबाईंची सभा लायब्ररीच्या हॉलमध्ये होती, तिथे मुद्दाम गेले. विरोधी पक्षाच्या आहेत. त्यांनी साधा हिशेब मांडला. २०१३-१५ या दोन वर्षांचं राज्याचं बजेट ३४ अब्ज डॉलरच्या आसपास होतं, आताचं जवळजवळ ७८ अब्ज. लोकसंख्या आणि महागाई धरली तरी एवढी वाढ बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. चांगल्या वर्षांत कायमचे खर्च अंगावर घेतले, आणि आता ते भागवायला धंद्यांकडे हात पसरता. शेवटी म्हणाल्या, सिएटलजवळच्या बड्या कंपन्यांवर नेम धरता आणि लागतो तो गॅरेजवाल्याला. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून.

मग एक निवृत्त शिक्षक उठले आणि विचारलं, "कापणार काय ते सांगा." त्यावर बाई 'कार्यक्षमता' आणि 'प्राधान्यक्रम' यांवर बोलल्या, पण एकाही खात्याचं नाव घेतलं नाही. तिथे मला वाईट वाटलं. कारण हा पैसा कुठे गेला ते मला घरात दिसतं. इथल्या राज्यघटनेत शिक्षण हे सरकारचं सर्वांत पहिलं कर्तव्य म्हटलंय. शाळांना पुरेसा पैसा देत नाही म्हणून २०१२ मध्ये न्यायालयाने राज्याला दोषी धरलं, आणि २०१५ मध्ये तर दिवसाला एक लाख डॉलर दंड लावला. बजेट फुगलं त्यात शाळांचा वाटा मोठा आहे. आपल्या ओमला आठवड्यातून दोनदा शाळेतच स्पीच थेरपी मिळते, आमच्याकडून एक पैसा न घेता. आई, परवा व्हिडिओ कॉलवर तो तुला "आजी, करंजी" असं स्वच्छ म्हणाला ना, ते त्या थेरपिस्टबाईंचं काम आहे. ती थेरपी कापा असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

म्हणून मी सभेनंतर त्या आमदारबाईंना गाठलं. म्हटलं, खर्चाचा हिशेब मागा, जरूर मागा, पण कर उलाढालीऐवजी उरलेल्या पैशावर लावण्याचं विधेयक तुम्ही स्वतः का मांडत नाही? त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, इन्कम टॅक्सचा वास आला तरी आमचे मतदार बिथरतात. निदान खरं बोलल्या.

जानेवारीत राज्याच्या राजधानीत, ऑलिम्पियाला, विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होईल, फक्त साठ दिवसांचं. इथे समितीपुढे कोणालाही घरबसल्या व्हिडिओवर बोलता येतं, फार तर एकदोन मिनिटं. मी नाव नोंदवणार आहे. बोलताना घसा कोरडा पडेल, पण बोलणार. बाबा, जकातीऐवजी एलबीटी आला त्या वेळी तुम्ही गणपती पेठेत दुकान बंद ठेवून उन्हात बसला होतात. तेव्हा मला वाटायचं, एवढा काय तो कर! आता रोज आठवतं.

३१ तारखेच्या आत तिमाहीचं रिटर्न भरायचंय, ते उद्या बसून करते. तुम्ही एक करा. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात जकातीच्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा होता, अजून असेल तर एकीचा फोटो पाठवा. बोलायच्या दिवशी समोर ठेवीन.

आईच्या गुडघ्याला तेल चोळून घ्या, नुसतं "बरं आहे" म्हणू नका.

तुमची,
छकुली