गेट एकच, मस्टर दोन

संपादक महोदय,

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी पॅकिंगला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा आमच्या लायनीवरही बोलणे झाले की आता मालकाला युनियन मानावी लागणार. 1926 च्या कायद्याने युनियनची नोंदणी व्हायची, पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे बंधन नव्हते. महाराष्ट्रात मान्यतेसाठी 1971 चा वेगळा कायदा होता, गोव्यात तोही नव्हता. आता एकाहून जास्त युनियन असल्या तर 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीला बसेल.

पण 51 टक्के कुणाचे? कारखान्याच्या मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, कामगारांचे. आमची नावे कंत्राटदाराच्या मस्टरवर!

गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझरही कारखान्याचा. कंत्राटदाराचा माणूस उगवतो तो 'कंपनीने अजून बिल पास केले नाही' एवढे सांगायला. कंत्राट बदलले की पीएफचा नंबर तेवढा जुना, बाकी आम्ही सगळ्या नव्या. ग्रॅच्युइटीला सलग 5 वर्षे लागतात, ती कुठल्याच कंत्राटदाराकडे भरत नाहीत. बोनस निदान 8.33 टक्के द्यायचा असतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर जुना म्हणतो माझे कंत्राट संपले, नवा म्हणतो तुम्ही माझ्याकडे आत्ता आलात. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या मंडपीचे, सामान मग उधारीवर.

कायम कामगारांची युनियन आहे. तिच्या करारात आमच्याबद्दल एक ओळ नसते. त्यांनाही मी फार बोल लावत नाही, त्यांच्यातले निवृत्त होतात त्या जागी कंत्राटीच येतात. परप्रांतीयांमुळे पगार वाढत नाहीत, असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, ते मात्र मला पटत नाही. ओडिशाची, कर्नाटकाची मुले माझ्याच शेजारी, माझ्याच दराने उभी असतात. दर ठरवणारा गेटच्या आत, एसीत बसतो.

कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो भरण्याची जबाबदारी कायद्याने कारखान्याच्या मालकावर आहे. मग आमच्याशी बोलायची वेळ आली की 'तुमचा मालक कंत्राटदार' हे कसे? आमच्या तक्रारीवर कामगार आयुक्तालयात बैठक लागते तेव्हा कंत्राटदारासोबत कारखान्याच्या मालकालाही नोटीस निघावी. आणि जुन्या कंत्राटदाराने बोनस व थकबाकी चुकती केल्याचा कागद पाहिल्याशिवाय नव्याला परवाना देऊ नये. हे यंदाच्या चवथीच्या आधी व्हावे.

एक कंत्राटी कामगार, माशेल
(कृपया नाव छापू नये.)