‘७८’चे बटण आणि माळ्यावरच्या तबकड्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थाळी, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत बसवलेल्या ‘ऑल-इन-वन’ रेकॉर्ड प्लेअरविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. हौसेने पहिल्यांदाच तबकड्या ऐकू पाहणाऱ्या माणसाने वेगवेगळी यंत्रे जमवत बसण्यापेक्षा अशा पेटीपासून सुरुवात करावी, हे लेखातले मत मला मान्य आहे. मात्र या पेटीवर तिन्ही वेगांच्या तबकड्या वाजतात, तेव्हा माळ्यावरचा आजोबांचा संग्रहही खाली काढावा, असे जे पुढे सुचवले आहे, त्याला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पेटीवरचे ३३, ४५ आणि ७८ हे आकडे थाळीच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचे आहेत. बटण ७८वर नेले की मोटर वेगाने फिरते, पण दांडीच्या टोकाला असलेली सुई तीच राहते, आणि खाचेतून आवाज उचलण्याचे काम मोटरचे नसून सुईचे असते. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ साली बाजारात आणलेल्या लाँग प्ले (एलपी) तबकडीची खाच अतिशय अरुंद असल्यामुळे तिच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असते. लाखेच्या, म्हणजे ७८च्या वेगाच्या, जुन्या तबकडीची खाच कितीतरी रुंद असते आणि तिला ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. बारीक सुई अशा खाचेत सोडली की ती भिंतींना नीट टेकत नाही, तळाशी साचलेल्या धुळीतून घसरत जाते. त्यामुळे खरखर मोठी आणि गाणे दूरवरून आल्यासारखे ऐकू येते, आणि ऐकणारा मात्र ‘जुने रेकॉर्डिंग असेच असायचे’ अशी स्वतःची समजूत घालून घेतो. बालगंधर्वांचा किंवा हिराबाई बडोदेकरांचा आवाज नव्या पिढीच्या कानांवर प्रथम या रूपात पडावा, हे मला तरी बरे वाटत नाही.

याहून मोठे नुकसान पुढे होते. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत घासली जाऊन खाचेच्या आकाराची व्हावी, म्हणून तो पृष्ठभाग मुद्दामच खरखरीत ठेवलेला असे, आणि म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी पिन घालण्याची शिस्त होती. आजच्या स्वस्त पेट्यांमध्ये बहुधा नीलमण्याचे, म्हणजे सफायरचे, टोक असते. ते एलपीच्या मऊ व्हिनाइलवर, म्हणजे प्लॅस्टिकवरसुद्धा फार तर चाळीस-पन्नास तास टिकते. लाखेवर ते त्याहून लवकर झिजते आणि त्याला धारदार कडा येतात. झिजलेली तीच सुई संध्याकाळी एखाद्या चांगल्या एलपीवर ठेवली की ती खाचेची भिंत खरवडते, आणि खरवडलेली खाच नंतर कितीही महागडी सुई आणली तरी पूर्ववत होत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही, पण तो पूर्वी सुटलेला होता. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गायिका गोहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हापासून साठच्या दशकापर्यंत भारतात लाखेच्या तबकड्या निघत राहिल्या. त्यामुळे जुन्या-नव्या तबकड्या एकाच घरात असणे ही नेहमीची गोष्ट होती. हे जाणून त्या काळातील अनेक प्लेअरमध्ये उलटणारी सुई दिलेली असे. दांडीच्या टोकाशी असलेली छोटी पट्टी एका बाजूला फिरवली की एलपीची सुई खाली येई आणि दुसऱ्या बाजूला फिरवली की ७८ची. आजच्या बहुतेक उत्पादकांनी ७८चे बटण ठेवले आणि ती पट्टी काढून टाकली.

आता निवडीविषयी. दुकानात आपण पेटीचा रंग आणि कातडी मढवण पाहतो. पाहायची असते ती दांडी. दांडीच्या मागच्या टोकाला सरकवता येणारे वजन असेल, तर सुईचा भार कमी-अधिक करता येतो. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेली, तिच्या कंपनांचा विद्युत संदेश करणारी डबी) दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो, तर स्वस्त पेट्यांतील सिरॅमिक कार्ट्रिज साधारण पाच ग्रॅमच्या आसपास दाबते आणि तो भार बदलण्याची सोय नसते. सिरॅमिक वापरण्याचे कारण सरळ आहे. त्यातून येणारा विद्युत संदेश मोठा असल्याने चुंबकीय कार्ट्रिजला लागणारा वेगळा प्री-अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे संदेश आधी वाढवणारे यंत्र, वाचतो. अशा पेटीवर एकदा वाजवली की तबकडी बाद झाली, असे सांगणारे शौकीन अतिशयोक्ती करतात. सुई ताजी असेल तर अधूनमधून ऐकायला ही पेटी चालते. पण सुई बदलता येते का, ती याच दुकानात मिळते का, आणि हिऱ्याच्या टोकाची मिळते का, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. हिऱ्याचे टोक नीट वापरल्यास पाचशे ते हजार तास जाते. काही कार्ट्रिजसाठी ७८ची स्वतंत्र सुईही मिळते. ती मिळत असेल, तर माझी हरकत बरीचशी मावळते.

स्पीकर त्याच पेटीत असल्याने आवाज वाढवला की पेटी थरथरते, ती थरथर सुई पुन्हा उचलते आणि घुमणारा आवाज येतो. मागे लाइन-आउटची, म्हणजे आवाज बाहेर नेण्याची, जोडणी असलेली पेटी घेतली, तर पुढे बाहेरचे स्पीकर लावून यातून सुटका होते. ब्लूटूथबाबतही खात्री करून घ्यावी, कारण पुष्कळ पेट्यांत ते फक्त मोबाइलवरचे गाणे पेटीतून ऐकण्यासाठी असते. तबकडीचे गाणे बाहेरच्या स्पीकरकडे धाडण्यासाठी नसते.

वेग घरच्या घरी तपासता येतो. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवून फेऱ्या मोजाव्यात. ३३ च्या वेगावर (तो नेमका ३३⅓ असतो) तीन मिनिटांत बरोबर १०० भरल्या पाहिजेत. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला, तर काळी एकमध्ये गायलेली चीज पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने वर, ऐकू येते. जी तबकडी लावून गाणे शिकतात, त्यांना हा फरक क्षुल्लक नाही. शिवाय अगदी सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत, आणि या पेट्यांत वेग बारकाईने जुळवण्याची सोय बहुधा नसते.

निगेबाबत आपल्या लेखात पुष्कळ आले आहे. त्यात एकच, पण महत्त्वाची भर घालतो. व्हिनाइलवर चालणारी स्पिरिटयुक्त द्रावणे लाखेच्या तबकडीवर कधीही वापरू नयेत, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सौम्य साबणाचे थेंबभर पाणी, मऊ फडके आणि मधला कागद कोरडा ठेवण्याची काळजी एवढे तिला पुरे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी धरते, तिथे तबकड्या घट्ट प्लॅस्टिकमध्ये बांधण्यापेक्षा उभ्या, हवेशीर कपाटात ठेवाव्यात. आडव्या चवडीत खालच्या तबकड्या तडकतात, हे वेगळे सांगायला नको.

माझी सूचना विक्रेत्यांसाठी आहे. सुईचे टोक कशाचे व किती जाडीचे, दांडीचा भार किती ग्रॅम आणि बदलीची सुई कोणत्या क्रमांकाची, एवढा मजकूर खोक्यावर छापायला कोणताही मोठा खर्च येणार नाही. ७८चे बटण असेल आणि सुई एलपीचीच असेल, तर तेही स्पष्ट लिहिले जावे. तोवर ज्यांच्या घरी लाखेचा संग्रह आहे, त्यांनी तो नव्या पेटीवर लावण्याऐवजी योग्य सुई बाळगणाऱ्या जाणत्या संग्राहकाकडून संगणकावर उतरवून घ्यावा. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेने या क्षेत्रात केलेले काम आपल्या पुरवणीतून वाचकांपुढे आले, तर असे जाणकार शोधणेही त्यांना सोपे जाईल.

आपला,
एक संग्राहक वाचक, सातारा