परदेशातल्या कथकवर्गात आधी पढंत हवी

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवाच्या बातम्या छापून येतात, तेव्हा छायाचित्रात कथकच्या मुली बहुधा असतातच. मुली नाचतात याचा आनंद आहे. पण त्या तालात किती आहेत हे छायाचित्रात दिसत नाही, आणि इथल्या वर्गांचे खरे दुखणे तिथेच आहे.

इथे वर्ग बहुधा आठवड्यातून एकदा, तासाभराचा. कार्यक्रम जवळ आला की सगळा तास नाच बसवण्यात जातो. गाणे ध्वनिमुद्रित, चार मिनिटांचे. मुली ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ मोजत पाठ करतात. या मोजणीने सोळा मात्रांच्या त्रितालाचे दोन तुकडे पडतात. पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे तालाचे आवर्तन सुरू होते ती जागा; नवव्यावर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. आठ मोजणारीला दोन्ही ‘वन’च. मग साधी तिहाईसुद्धा, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपणारा बोलांचा तुकडा, कळत नाही. ‘तिगदा दिगदिग थेई’ हे तीन मात्रांचे बोल न थांबता तीनदा म्हटले की नऊ मात्रा होतात. शेवटचा थेई समेवर यायचा तर उठायचे, म्हणजे सुरुवात करायची, खालीवरून, नवव्या मात्रेला. मध्ये एकेक मात्रा दम घेतला तर अकरा होतात, मग उठायचे सातव्या मात्रेला. हा हिशेब हातावर ताल धरून पाठ झालेली मुलगी पुढे कुठलीही तिहाई स्वतः मांडू शकते. आठ मोजणारी मात्र झपतालाच्या दहा किंवा रूपकाच्या सात मात्रांपाशीच अडते.

उपाय जुनाच आहे: पढंत, म्हणजे हातावर ताल धरून बोल तोंडाने म्हणणे. तासातली पहिली पंधरा मिनिटे घुंगरू न बांधता, बसून. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली. आधी ठेका (तालाचे ठरलेले तबल्याचे बोल), मग ततकाराचे (पायांच्या मूळ आघातांचे) बोल, मग त्या दिवशीचा तोडा (नाचाच्या बोलांची छोटी रचना). तोंडात न बसलेला बोल पायात आणायला गेले की लय पळते. इथे जन्मलेल्या मुलांना एवढे झेपत नाही, असे पालक म्हणतात. पण कथक नर्तक आणि गुरू पंडित चित्रेश दास १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात शिकवू लागले आणि पुढे त्यांच्या ‘कथक योग’ या पद्धतीत नाचणाऱ्यानेच नाचता नाचता ठेका म्हणायचा, लेहराही (तालाचे आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) धरायचा. त्यांचे कितीतरी विद्यार्थी अमेरिकेतच वाढलेले होते.

पढंतीत एक अडचण मात्र खास इथली. इंग्रजीत वाढलेल्या जिभेला त आणि ट, द आणि ड यांतला भेद सापडत नाही. ‘तिगदा’चे ‘टिगडा’ होते, ‘धा’ आणि ‘दा’ एकच होतात. वहीत रोमन लिपी असली की चूक पक्की होते, कारण त आणि ट दोन्हींना तिथे एकच अक्षर. संपूर्ण देवनागरी येत नसली तरी चालेल. बोलांपुरती अक्षरे शिकवावीत आणि तोडे त्यांतच लिहून घ्यावेत. भारतातून काही महिन्यांसाठी येणाऱ्या मराठी आजीआजोबांचा इथे मोठा उपयोग आहे. त्यांना नाच येत नसेल, पण ‘त’चा ‘ट’ झालेला त्यांच्या कानाला लगेच खटकतो. नातीची पढंत त्यांनी रोज दहा मिनिटे ऐकावी.

ततकारात पाय उजवा-डावा-उजवा-डावा आणि मग डावा-उजवा-डावा-उजवा असे पडतात. म्हणजे चौथ्या मात्रेचा डावा पाय पाचव्यालाही पुन्हा पडतो. मुलगी चालल्यासारखी आलटून पालटून पाय टाकत राहिली तरी संथ लयीत आवाज सारखाच येतो, म्हणून वीस जणींच्या घोळक्यात ही चूक लपते आणि पलटे (ततकारातले फेरफार) सुरू झाल्यावर उघडी पडते. प्रत्येकीचे पाय एकेकटे तपासल्याशिवाय ती सापडत नाही.

घरी रियाज होत नाही याचे एक कारण जमीन आहे. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात म्हणून मुली गालिच्यावर नाचतात. तिथे आघात ऐकूच येत नाही. गॅरेजच्या काँक्रीटवर नडग्या आणि टाचा दुखतात. जाड रबरी चटई आणि तिच्यावर प्लायवूडची फळी, एवढ्याने काम भागते. रात्री घुंगरू नकोत. घुंगरू सुरुवातीला प्रत्येक पायात पन्नास पुरेत, तेही दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले.

ऑनलाइन वर्गात शिक्षिकेने लेहरा लावून मुलीला त्यावर नाचवू नये. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत चौगुन (एका मात्रेत चार आघात) केली तर सेकंदाला चार आघात होतात. आवाज पाव सेकंद उशिरा पोचला की एक आघात चुकलाच. लेहरा मुलीच्या बाजूला वाजावा आणि शिक्षिकेने आपला माइक बंद ठेवून फक्त पाहावे.

मंडळांना एक विनंती. ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे तीन नाच घेण्याऐवजी एकाच वर्गाला दहा मिनिटे द्या: साथीला तबला, माइकवर पढंत करणारी एक विद्यार्थिनी, आणि तोड्यांआधी हातावर त्रिताल धरून प्रेक्षकांना सम दाखवणारे कोणीतरी. लेहऱ्यासाठी बाहेरचा वादक मिळाला नाही तर थांबू नका. सोळा मात्रांचा एक लेहरा हार्मोनियमवर धरायला वर्गातलीच एखादी मोठी मुलगी शिकू शकते, आणि तो धरताना समेकडे तिचे जेवढे लक्ष राहते तेवढे नाचतानाही राहत नाही.

– एक कथक शिक्षिका, न्यू जर्सी