मुहूर्त हुकतो तो मंजुऱ्यांपायी

संपादक महोदय,
स. न.

दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त धरून पहिले अ‍ॅप बाजारात आणणारे बरेच तरुण एकटेच असतात. प्रोग्रामिंग त्यांचेच, पडद्यांची मांडणी त्यांचीच, उद्या ग्राहकांचे फोनही तेच घेणार. त्यांना ‘महत्त्वाचे काम आधी करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे. घोडे अडते ते बहुधा दुसऱ्याच्या मंजुरीपाशी. म्हणून कामांची यादी केली की प्रत्येक कामापुढे आधी एवढेच लिहावे: हे कोणाच्या हातात आहे आणि उत्तर यायला किती दिवस लागतात?

उदाहरणादाखल खानावळींचा हिशेब ठेवणारे मराठी अ‍ॅप घेऊ. मेंबर कोण, एक वेळ की दोन वेळ, खाडे किती, महिनाअखेरचे बिल किती, एवढेच त्याचे काम.

गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेले वैयक्तिक खाते असेल, तर अ‍ॅप थेट सर्वांसाठी खुले करता येत नाही. आधी ‘क्लोज्ड टेस्टिंग’, म्हणजे निवडक लोकांकडून चाचणी, करावे लागते. त्यात किमान १२ जण सलग १४ दिवस सहभागी असावे लागतात. ‘इंटर्नल टेस्टिंग’चे, म्हणजे त्याआधी आपल्याच छोट्या गटात केलेल्या चाचणीचे, दिवस यात धरले जात नाहीत. मोजून १२ जण घेतले आणि एकाने मधेच अंग काढून घेतले, की सलगपणाची अट मोडते. त्यामुळे १८ ते २० जण घ्यावेत, आणि त्यातले निम्मे तरी खरोखर खानावळ चालवणारे असावेत. १४ दिवसांनंतर सर्वांसाठी खुले करण्याचा अर्ज करताना चाचणीत लोकांनी काय सांगितले, तुम्ही काय बदलले, हे विचारतात. मित्रांच्या फोनवर अ‍ॅप नुसते पडून असेल तर तिथे लिहायला काही नसते. या अर्जाला साधारण आठवडा धरावा, पुढे प्रत्यक्ष आवृत्तीच्या तपासणीला आणखी एक. लॉगिन लागत असेल तर तपासणाऱ्यासाठी चालू खाते आणि पासवर्ड द्यायचा असतो. तो राहिला म्हणून अ‍ॅप परत येते. प्रायव्हसी पॉलिसीचे पान, कोणती माहिती गोळा करता हे सांगणारा डेटा सेफ्टीचा फॉर्म, आणि खाते काढून टाकण्याची सोय अ‍ॅपमध्ये तसेच वेबवरही, ही कामे तासाभराची वाटतात म्हणून शेवटच्या रात्रीवर ढकलली जातात. ती पहिल्या आठवड्यातच उरकावीत. एकूण हिशेब केला तर मुहूर्ताच्या पाच आठवडे आधी चाचणी सुरू व्हायला हवी. पहिल्या आवृत्तीला टप्प्याटप्प्याने वाटप करण्याची सोय मिळत नाही, ती फक्त पुढच्या अपडेटना आहे. त्यामुळे अ‍ॅप आठवडाभर आधी गाजावाजा न करता प्रसिद्ध करावे आणि जाहिरात मुहूर्ताला करावी.

ही चाचणी महिन्याच्या १ तारखेला कवेत घेईल अशी ठेवावी. ३ तारखेला सुरू करून १७ तारखेला संपवली, तर बिलाचा पडदा कोणी उघडलेलाच नसतो, आणि अ‍ॅपचा सगळा जीव त्या पडद्यात आहे.

मंजुरी लागणारे दुसरे काम म्हणजे ओटीपीचा एसएमएस. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार कंपनीच्या ‘डीएलटी’ या नोंदणी पोर्टलवर आधी आपली नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव), मग मजकुराचा टेम्प्लेट (ठरावीक नमुना), अशा तीन पायऱ्या आहेत. पाठवलेला मजकूर मंजूर टेम्प्लेटशी जुळला नाही तर संदेश वाटेतच अडतो. एखादा शब्द बदललेला असतो, आणि आपण मात्र सर्व्हरमध्ये दोष शोधत बसतो. शिवाय देवनागरी एसएमएस ७० अक्षरचिन्हांचा धरला जातो, रोमन लिपीतला १६०चा; मराठी संदेशाचे सहज दोन भाग होतात आणि पैसेही दुप्पट लागतात. आमच्या मते एकट्याने पहिल्या आवृत्तीत हे काम हातातच घेऊ नये. प्ले स्टोअर वापरणाऱ्याच्या फोनवर गूगल खाते असतेच, त्यावर लॉगिन द्यावे. बिल पाठवायला ‘शेअर’चे बटण द्यावे, खानावळवाला ते स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मेंबरला पाठवेल. मंजुरीची वाट पाहण्यापेक्षा ती मंजुरी लागणारच नाही अशी रचना करणे केव्हाही चांगले. वर्गणीचेही तसेच. पहिले दोन महिने अ‍ॅप फुकट द्यावे, म्हणजे पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेची, केवायसी मुहूर्ताच्या आड येत नाही. मात्र पॅकेज नेम, म्हणजे स्टोअरमधली अंतर्गत ओळख, एकदा प्रसिद्ध झाले की बदलत नाही, तेव्हा नाव आधी ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात तपासून घ्यावे.

आता आपल्या हातातली कामे. मुहूर्त थांबवण्याचा अधिकार तीनच दोषांना द्यावा: पैसे चुकतात, नोंद हरवते, किंवा माणूस आतच शिरू शकत नाही. बाकीचे सगळे वहीत लिहून ठेवावे. या तिन्हींसाठी एकच कसोटी पुरते. खऱ्या खानावळीच्या मागच्या महिन्याची वही घ्यावी, ती जशीच्या तशी अ‍ॅपमध्ये भरावी आणि प्रत्येक बिल रुपयापर्यंत ताडून पाहावे. खाचखळगे तिथेच सापडतात. बाराव्या दिवशी आलेला मेंबर, फक्त संध्याकाळचा खाडा, महिन्याच्या मध्यात वाढलेला दर, सलग काही दिवस असेल तरच खाडा कापणारी खानावळ. नवरा-बायको दोघांच्या फोनवर अ‍ॅप असेल आणि स्वयंपाकघरात रेंज नसेल, तर एकच खाडा दोनदा नोंदला जातो आणि रेंज आल्यावर दुप्पट वजावट होते. यावर उपाय सोपा आहे: एक मेंबर, एक तारीख, एक वेळ यांची नोंद एकदाच राहील असे बंधन डेटाबेसमध्येच घालावे. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नये, तो दुसऱ्या फोनवर उतरवून पाहावा.

मराठी अ‍ॅपचा एक दोष हमखास उशिरा लक्षात येतो. पडद्यावर नीट दिसणारी अक्षरे पीडीएफ बिलात मोडतात. ‘शिल्लक’मधली पहिली वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन बसते, ‘ल्ल’चे पाय मोडतात, ‘ऱ्या’ची फोड होते. पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक लायब्ररींना (तयार प्रोग्राम-संचांना) देवनागरीची जोडणी येत नाही, हे त्याचे कारण. बिल एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानासारखे, मांडून फोनच्या वेबव्ह्यूकडून (वेबपान दाखवणाऱ्या घटकाकडून) छापून घेतले किंवा चित्र म्हणून पाठवले की प्रश्न मिटतो. मेंबरच्या हातात पडणारा कागद हाच आहे, म्हणून लोगो आणि रंगसंगतीच्या कितीतरी आधी हे तपासावे.

शेवटचे पाच दिवस नवे काही घालू नये. खानावळीत दुपारी ११ ते २ आणि रात्री ७ ते १० कोणाला मान वर करायला सवड नसते. म्हणून मदतीची वेळ दुपारी ३ ते ५ जाहीर करावी आणि त्या वेळेत दुसरे काम ठेवू नये. अपडेट शनिवारी रात्री सोडू नये. रविवारी दुपारी फीस्टच्या गडबडीत अ‍ॅप अडले तर खानावळवाला पुन्हा वहीकडे वळेल.

या मंजुऱ्यांचे नियम वरचेवर बदलतात. गूगलची १२ जणांची अटच २०२४ च्या डिसेंबरपर्यंत २० जणांची होती. आपल्या उद्योग पुरवणीत अशा मंजुऱ्या, त्यांना लागणारे दिवस आणि शुल्क यांचा तक्ता दर तिमाहीला छापता येईल का? अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या उद्योजकता कक्षांनाही तो फलकावर लावता येईल.

आपले,
सॉफ्टवेअर व्यवसायातील काही वाचक, पुणे