जपानी शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

अजिंठा-वेरूळच्या आम्हा गाइड मंडळींना जपानी शिकवलंत, त्याचे आभार आहेतच. पण कंटाळा एकाच जातीचा नसतो हे तुम्ही ओळखलंत, म्हणून हे पत्र.

मराठी माणसाला जपानी सुरुवातीला गोडच लागते. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. 'मिझु ओ नोमिमास', पाणी पितो. प्रत्ययही शब्दामागून येतात. हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं बसली की हुरूप येतो. मग काताकाना या दुसऱ्या लिपीची तेवढीच येतात आणि तेच तक्ते गिरवणं नकोसं होतं. हा सोपेपणाचा कंटाळा. तुम्ही तक्ते बाजूला ठेवलेत आणि हॉटेलचं मेनूकार्ड काताकानात वाचायला दिलंत.

क्रियापद पुढच्या शब्दाला जोडताना त्याचा शेवट 'ते' किंवा 'दे' होतो, त्या 'ते' रूपाला येणारा कंटाळा मात्र अगदी उलटा. नोमु (पिणे)-नोन्दे, काकु (लिहिणे)-काइते, पण इकुचं (जाणे) इत्ते! सगळे नियम एकाच तासात अंगावर आले की डोकं चालेनासं होतं, जांभया सुरू होतात. बघणाऱ्याला तो आळस वाटतो आणि सराव दुप्पट केला जातो. तिथंच माणसं वर्ग सोडतात. तुम्ही सराव कमी केलात. एका तासाला क्रियापदाचा एकच शेवट, आणि वाक्यं लेणीत लागतील तीच: 'कुत्सु ओ नुइदे कुदासाइ', बूट काढा. पाठ झालेलं वाक्य दुसऱ्या दिवशी खरोखर वापरता आलं, की गोडी आपसूक परत येते.

मोजणीचंही तसंच. एक, दोन, तीन म्हणताना लांबट वस्तूंना इप्पोन, निहोन, साम्बोन. चपट्यांना इचिमाइ, निमाइ. माणसांना हितोरी, फुतारी. नुसती यादी कुणाच्याच्यानं पाठ होत नाही. तुम्ही लेणीतले खांब मोजायला लावलेत, मग तिकिटं, मग ग्रुपमधली माणसं.

पावसाळ्यात जपानी पाहुणे कमी होतात, बोलायला कुणी उरत नाही, तेव्हा आलेलंही विसरतं. त्या दिवसांत जोड्या लावून एकानं पाहुणा व्हायचं ही तुमची युक्ती आम्ही चालू ठेवली आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे सांगण्यापासूनच सुरुवात करतो.

एक विनंती आहे. पुढच्या तुकडीला मोजणी 'ते' रूपाच्या आधी शिकवा. ती लगेच कामाला येते आणि पुढच्या अवघड भागासाठी धीर देते.

आपले विद्यार्थी,
छत्रपती संभाजीनगर