दोन किटल्या

चि. सुहास यास,
सप्रेम सलाम.

तुझा मेसेज वाचला. बाहेर जात-धर्मावरून एवढं पेटलेलं असताना आपली मंडळी कमिटीच्या निवडणुकीवरून भांडते, म्हणून तू आता कुठल्याच चर्चला जाणार नाहीस; खोलीत बसून बायबल वाचशील, तेवढं पुरे. राग रास्त आहे, तो सोडू नकोस. पण जाणं सोडण्याआधी माझं ऐकून घे.

निवडणुकीनंतर इथे काय चाललंय ते पप्पांनी तुला सांगितलं नसेल. उपासना संपली की पटांगणात आता दोन गटांच्या दोन किटल्या येतात. एक झाडाखाली, एक फाटकाशी. आलं दोन्हींत, साखर दोन्हींत जास्तच (शुगरवाल्यांची पर्वा कुठल्याच गटाला नाही). कुणी कुठला चहा घेतला याचा हिशोब मात्र चोख. मागच्या रविवारी एका लहान पोरीने भलत्याच किटलीचा कप उचलला, तर तिच्या आजीने तो हातातून काढून घेतला आणि सगळ्यांदेखत मातीत ओतला.

चहावरून पुण्यात हे पहिल्यांदा नाही झालं. 1890 साली गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या पुणेकरांपुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडची चहा-बिस्किटं आली. त्यात रानडे होते, लोकमान्य टिळक होते. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. शाळेत असताना तू हे ऐकून पोट धरून हसायचास. आता बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता. याकोबाकडची, यहुदी रीती पाळणारी माणसं आली तसा हळूच उठला, आणि त्याचं पाहून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने पेत्राला चारचौघांत सुनावलं. पेत्राला खरं काय ते पुरतं ठाऊक होतं रे, तो फक्त घाबरला. आपल्याकडेही खरं वैर चार-दोघांचंच आहे. बाकीचे ‘आपली माणसं काय म्हणतील’ म्हणून पलीकडे जाऊन उभे राहतात.

म्हणून आधी मतं जुळू देत, मग एकत्र बसू, हे मला पटत नाही. तू राहतोस त्या नागपुरातच 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा वेगवेगळी चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे एकच चर्च झालं. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे त्यात होते, आणि मोठेपणी समजून-उमजूनच घ्यावा म्हणणारेही. तो वाद काही मिटला नाही. दोन्ही रीती ठेवल्या आणि प्रभुभोजनाला एकत्र आले. सगळेच आले असंही नाही, मेथडिस्ट पंथातला एक मोठा गट शेवटच्या घटकेला बाहेर राहिला. तरी झालं ते झालं.

आणि पंथांना कंटाळलेला तू काही पहिला नाहीस. परदेशात ख्रिस्ती पंथांचा पसारा पाहून पंडिता रमाबाई चक्रावल्या होत्या. हे तर आपल्या देशातल्यासारखंच, असं त्यांना वाटलं. कुठल्याही एका पंथाच्या दावणीला त्यांनी स्वतःला बांधून घेतलं नाही. पण खोलीचं दार लावूनही बसल्या नाहीत, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. एकट्याने वाचलं तर बायबल आपल्याला उलटून बोलत नाही, तो मोठा तोटा आहे. फाटकाशी उभे राहणारे तुझे संडे स्कूलचे सर मात्र नक्की बोलतात!

मी सध्या दोन्हीकडचा अर्धा-अर्धा कप घेते. दोन्हीकडच्या बायका माझ्याकडे तिरक्या नजरेने बघतात, बघू देत. नाताळात येशील तेव्हा सरांकडे फराळाचं ताट तूच घेऊन जायचंस. ते निवडणुकीचा विषय काढणारच. काढला तर तूही मनातलं सगळं बोल, फक्त उंबऱ्यावरून नको, आत बसून, त्यांच्या हातचा चहा घेऊन. डिसेंबरात नागपूरहून गाड्या भरून येतात, तेव्हा तिकिटाचं आत्ताच बघ. आणि करंज्या ओल्या नारळाच्या करू की सुक्या खोबऱ्याच्या, तेही कळव.

तुझी,
आई